साइट वाचनालयाची, किल्ली कुणाची?

१ जुलै २०२५, मंगळवार. पुणे

गावच्या वाचनालयाची साइट ह्यूगोवर बनते. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम साध्या मजकुराच्या फाइली आणि पानांचे साचे घेतो आणि त्यातून तयार एचटीएमएल पानं काढून देतो. डेटाबेस नाही, त्यामुळे त्याची दुखणीही नाहीत. नवीन पुस्तकांची महिन्याची यादी, व्याख्यानांचं वेळापत्रक, वर्गणी आणि अनामतीचे दर, स्कॅन केलेले जुने वार्षिक अहवाल. तालुका ‘ब’ वर्गाच्या वाचनालयाला एवढं पुरतं.

साइटवर काही चढवायचं तर रस्ता असा. ग्रंथपाल बाई व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवतात. मी इथे रात्री ऑफिसातून आल्यावर ती लॅपटॉपवर घेतो, ह्यूगो चालवतो, फाइलझिला उघडतो आणि डावीकडच्या फाइली उजवीकडे ओढतो. नाव वाचनालयाचं, होस्टिंगचे पैसे वाचनालयाचे आणि साइट माझ्या लॅपटॉपात. कोणतं फोल्डर ओढायचं आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे कुठंही लिहिलेलं नाही. एकखांबी तंबू.

ही ओढाओढ चालते ती एफटीपीवर. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत. त्या काळी नेटवर्कवर मोजकी यंत्रं होती, म्हणून पासवर्ड उघडाच्या उघडा तारेवरून गेला तरी खपून गेलं. साध्या एफटीपीत तो आजही तसाच जातो.

ठरवलं ते एवढंच: मजकूर गिटच्या रिपॉझिटरीत ठेवायचा. तिथे बदल झाला की पानं आपोआप बनावीत, तपासली जावीत आणि होस्टिंगवर पोचावीत. मध्ये माझा लॅपटॉप नको.

२ जुलै, बुधवार

आधी एक सोपा मार्ग निकालात काढला. गिटच्या रिपॉझिटरी ठेवून घेणाऱ्या गिटहबचीच ‘पेजेस’ ही सोय २००८ पासून आहे. सर्व्हर नको, किल्ली नको, फुकट. पण तिथे साइट एक जीबीच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे आणि आमचे स्कॅन केलेले अहवाल तेवढी जागा लवकरच खातील. वाचनालयाचे ई-मेल आणि पुस्तक शोधायचं पीएचपीतलं छोटं पानही सध्याच्या होस्टिंगवरच आहे. तेव्हा होस्टिंग तेच, बदलायचा तो तिथे पोचण्याचा रस्ता.

सर्व्हरवरची पूर्ण प्रत उतरवून घेतली आणि लॅपटॉपवर बनलेल्या पानांशी ताडून पाहिली. सर्व्हरवरच्या पानात दूरध्वनी क्रमांक वेगळा निघाला. मागे कुणीतरी कंट्रोल पॅनलमध्ये शिरून थेट एचटीएमएलमध्ये दुरुस्त केलेला. क्रमांक बरोबर, जागा चुकीची. पुढच्या ओढाओढीत तो पुसला गेला असता. दोन ठिकाणी दोन खऱ्या प्रती असल्या की हे व्हायचंच. आजपासून खरी प्रत एकच, रिपॉझिटरीतली. सर्व्हरवर जे दिसतं ते तिच्यातून निघालेलं छापील पान समजायचं, त्यावर पेन चालवायचं नाही.

या कामाला लागणारी दोन मुख्य अवजारं: बदलांचा इतिहास ठेवणारं गिट आणि फाइली सर्व्हरवर पोचवणारं आरसिंक. दोन्हींच्या जन्मकथेत एकच माणूस भेटतो. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरस यांच्या साथीनं १९९६ मध्ये आरसिंक आणलं. लिनक्स कर्नलचं काम तेव्हा बिटकीपर या खासगी कंपनीच्या अवजारावर, अटी पाळून फुकट, चालत असे. ट्रिजेल यांनी त्याचा प्रोटोकॉल उलगडायला घेतला, वाद पेटला, आणि २००५ मध्ये कंपनीनं फुकट वापर बंद केला. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. म्हणजे एक अवजार ट्रिजेल यांनी लिहिलं आणि दुसरं लिहिण्याची वेळ त्यांच्यामुळे आली. कर्नलचा सगळा इतिहास दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवल्याचा तो धडा आपल्याही कामाला लागू आहे. इथे तो दुसरा म्हणजे मी.

४ जुलै, शुक्रवार

आज किल्ल्यांचं काम. सर्व्हरशी बोलणं एसएसएचवरून. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातले तातू युलोनेन यांनी ते १९९५ मध्ये लिहिलं, कारण विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी कान लावून उघडे पासवर्ड टिपून घेतले होते.

माझी रोजची किल्ली या कामाला द्यायची नाही हे पक्कं. पानं आपोआप बनवून पाठवणाऱ्या यंत्रासाठी नवी जोडी बनवली. उघडी बाजू सर्व्हरवरच्या परवानगीच्या फाइलीत एक ओळ म्हणून गेली. गुप्त बाजू गिटहबच्या ‘सीक्रेट्स’मध्ये ठेवली. तिथे एकदा टाकलेली किल्ली परत कुणालाच दाखवली जात नाही, मालकालाही नाही. नोंदीत चुकून छापली जायची वेळ आली तर तिच्या जागी तारे उमटतात.

खरी मेख सर्व्हरवरच्या त्या ओळीत आहे. नुसती किल्ली लिहिली तर ती ज्याच्या हाती, त्याला सगळं खातं मोकळं. म्हणून ओळीच्या सुरुवातीला अट घातली: ही किल्ली घेऊन येणाऱ्यानं फक्त आरसिंक चालवायचं, तेही साइटच्या एकाच फोल्डरात. आरसिंकसोबतच आरआरसिंक नावाची छोटी स्क्रिप्ट येते, ती नेमकं हेच करते. किल्ली चोरीला गेली तर चोर साइट बिघडवू शकेल, पण सगळं खातं त्याला सरळ मोकळं होणार नाही.

उलट बाजूही तपासायची असते. आपण ज्याला फाइली देतोय तो आपलाच सर्व्हर कशावरून? पुष्कळ नमुना फाइलींत ही तपासणी बंद करणारी ओळ सर्रास असते, कारण तिच्यामुळे पहिल्यांदा काम अडतं. मी कंट्रोल पॅनलच्या टर्मिनलमधून सर्व्हरच्या किल्लीचा ठसा काढला, बाहेरून दिसणाऱ्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडला आणि सर्व्हरची ओळख रिपॉझिटरीत लिहून ठेवली. आता सर्व्हर बदलला तर काम थांबेल. थांबायलाच हवं.

५ जुलै, शनिवार

वर्कफ्लोची फाइल लिहिली. एका पानात मावते. मराठीत सांगायची तर अशी: मुख्य शाखेत बदल आला की गिटहबकडून उबुंटूचं एक कोरं यंत्र उसनं घे. रिपॉझिटरीतला मजकूर त्यावर उतरव. ह्यूगोची अमुकच आवृत्ती आण. पानं बनव. सगळे दुवे आणि चित्रं जागेवर आहेत का बघ. असतील तरच सर्व्हरवर पाठव. एक पायरी चुकली की पुढची नाही. काम संपलं की यंत्र मोडीत.

फाइल यामल या लेखनपद्धतीत लिहावी लागते आणि यामलमध्ये ओळ किती आत सरकली यावर अर्थ ठरतो. त्यासाठी टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच हव्यात. खर्चाचं विचाराल तर उघड्या रिपॉझिटरीला हे यंत्र फुकट. बंद रिपॉझिटरीला फुकट योजनेत महिन्याला २,००० मिनिटं. आमची पानं काही सेकंदांत बनतात.

एक गंमत दिसली. प्रत्येक पानाखाली ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख येते, ती गिटच्या इतिहासातून घेतलेली. इकडे बनलेल्या साइटवर सगळ्या पानांना आजचीच तारीख! कारण उसनं यंत्र वेळ वाचवण्यासाठी इतिहास आणतच नाही, फक्त शेवटचा कमिट, म्हणजे बदलाची शेवटची नोंद, आणतं. ‘पूर्ण इतिहास आण’ असं एका ओळीत सांगितलं आणि २०२१ ची पानं पुन्हा २०२१ ची झाली.

आपोआप चढवण्याच्या या प्रकाराचा बोलबाला झाला तो वेगासाठी. २००९ मध्ये जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी फ्लिकरमध्ये दिवसाला दहाच्या वर वेळा नवा कोड चढतो असं एका परिषदेत सांगितलं आणि ऐकणारे चाट पडले. आमची साइट महिन्यातून दोनदा बदलते. वेग आम्हाला काय करायचाय? या फाइलीचा उपयोग वेगळा. माझ्या बोटांत जे होतं ते पहिल्यांदा कागदावर आलं. कुणालाही वाचता येईल, कुणालाही चूक काढता येईल.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

पालखी आमच्या तालुक्यातून जाते. मुक्कामाच्या दिवशी वाचनालय वारकऱ्यांसाठी पुस्तकांची पेटी मांडतं, त्याचे फोटो आज साइटवर घ्यायचे होते. लॅपटॉपवर दुवे तपासले, सगळं ठीक. उसन्या यंत्रावर लाल फुली: चित्र सापडत नाही. नाव तेच, फोल्डर तेच.

शोधत गेलो तो ‘वारकऱ्यां’मधल्या ‘ऱ’पाशी पोचलो. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखेच. जुन्या मॅकच्या डिस्कवर फाइलींची नावं फोडून, म्हणजे दुसऱ्या पद्धतीनं ठेवली जात. फोटो तिथून आलेले, आणि नाव फाइलीवरून उचलून मजकुरात डकवलेलं. गिटनं माझ्या मॅक लॅपटॉपवरून फाइल घेताना तिचं नाव पुन्हा एकसंध केलं, मजकुरातलं मात्र फुटकंच राहिलं. मॅक दोन्हींना एकच नाव मानतो. लिनक्स बाइट मोजतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. भरीला ‘र्‍य’ लिहायची तिसरीही रीत आहे: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या मजकुरात ती हमखास सापडते. वारकरी, शेतकरी, कातकरी, सगळ्यांचं सामान्यरूप धोक्यात.

नियम केला: शीर्षक, मजकूर, चित्राखालची ओळ देवनागरीत. फाइलीचं नाव आणि पानाचा पत्ता रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी. छोटी अशासाठी की मॅक मोठ्या-छोट्या अक्षरांतही फरक करत नाही, लिनक्स करतो. देवनागरी पत्ता मला मनापासून आवडला असता. पण पत्ता पाठवताना एकेका चिन्हाचे तीन बाइट आणि एकेका बाइटाची तीन अक्षरं होतात. ‘दिवाळी’ एवढाच शब्द पत्त्यात ५४ अक्षरांचा होतो. सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर तो धाडला तर ते फसवणुकीचा मेसेज समजून पुसून टाकतील.

८ जुलै, मंगळवार

आरसिंकची रंगीत तालीम. त्याला ‘नुसतं सांग, करू नकोस’ असं बजावता येतं. मग तो काय चढवेल, काय पुसेल याची यादी देतो आणि गप्प बसतो. रिपॉझिटरीत नसलेल्या फाइली सर्व्हरवरूनही काढायच्या तर पुसण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर जुन्या व्याख्यानांची पानं वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहतात आणि गूगल ती शोधून काढतं. तालमीच्या यादीत पुसण्याखाली दोन गोष्टी दिसल्या: वार्षिक अहवालांचं फोल्डर आणि एका टिंबानं सुरू होणारं लपलेलं फोल्डर. पहिलं अवजड म्हणून रिपॉझिटरीत घेतलेलंच नाही. दुसऱ्यात साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची पडताळणी होते. आमचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट, ९० दिवसांचं. पडताळणीची जागाच गेली तर नूतनीकरण अडून सभासदांना ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा लाल इशारा. दोन्ही फोल्डरं वगळण्याच्या यादीत घातली.

आणखी दोन बारकावे टिपून ठेवतो. फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर फोल्डरच उचलून जातं आणि साइट एक पायरी खाली सरकते. दुसरं: आरसिंक एरवी फाइलीचा आकार आणि वेळ पाहून बदल ओळखतो, पण कोऱ्या यंत्रावर प्रत्येक फाइल आत्ताच जन्मलेली असते. म्हणून त्याला मजकुराची बेरीज करून पाहायला सांगितलं. मग बदललेली तेवढीच पानं जातात.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

संध्याकाळच्या व्याख्यानाची सूचना सकाळी साडेदहाला रिपॉझिटरीत घातली. हिरवी खूण आली, काम फत्ते. साइटवर सूचना नाही. नोंदी वाचल्या, एकही तक्रार नाही.

सूचनेवर वेळ लिहिली होती सकाळी दहाची. कुठले दहा ते लिहिलेलं नव्हतं. ह्यूगो अशा वेळी जागतिक प्रमाणवेळ धरतो. त्या हिशेबानं दहा वाजणार आपल्याकडे दुपारी साडेतीनला. आणि पुढची तारीख-वेळ असलेलं पान ह्यूगो आपण होऊन छापत नाही. यंत्राच्या बाजूनं सगळं रीतसर. सेटिंगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं आणि सूचना झळकली.

हाच नियम उलटा वापरता येतो. पुढच्या तारखेची पानं आधीच लिहून ठेवायची आणि रोज रात्री एकदा साइट आपोआप बनवायची. त्या दिवसाचं पान त्या दिवशी उगवेल. गिटहबचं वेळापत्रक मी जागतिक प्रमाणवेळेत लिहिलं. आपली मध्यरात्र म्हणजे तिथले १८:३०. मी १८:४० ठेवले, बारा वाजून दहा मिनिटं. वेळ तंतोतंत पाळली जाईलच असं नाही, गर्दी असली तर उशीर होतो. आणखी एक: उघड्या रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर हे वेळापत्रक बंद केलं जातं. महिन्याची यादी वेळेवर आली तर तो प्रसंग येणार नाही.

१२ जुलै, शनिवार

फाइलीतली प्रत्येक परकी गोष्ट आज पुन्हा तपासली. वर्कफ्लोच्या पायऱ्या स्वतः लिहाव्या लागत नाहीत, इतरांनी लिहिलेले तयार तुकडे नाव आणि आवृत्ती सांगून ओढून आणता येतात. सोय मोठी आणि तिचाच घात मार्चमध्ये दिसला. ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ यांचा, बदललेल्या फाइलींची यादी देणारा तुकडा २३ हजारांवर रिपॉझिटरी वापरत होत्या. हल्लेखोरानं त्याच्या जुन्या आवृत्त्यांची नावं हलवून आपल्या विषारी कमिटवर नेऊन बसवली. नाव तेच, आतला माल दुसरा. तो चालला की यंत्राच्या स्मृतीतली गुपितं नोंदीत छापली जात, आणि उघड्या रिपॉझिटरीच्या नोंदी जगाला दिसतात. ताऱ्यांची झाकपाकही उपयोगाची नव्हती, कारण छापलेला मजकूर आधीच सांकेतिक करून घेतलेला होता.

आवृत्तीचं नाव हलवता येतं, कमिटचा ४० अंकी-अक्षरी ठसा तसा हलत नाही. म्हणून मजकूर उतरवणारा गिटहबचा स्वतःचा एकच तुकडा ठेवला, तोही ठशानिशी. ह्यूगो थेट त्याच्या प्रकाशनातून घेऊन त्याचीही बेरीज जुळते का पाहायची. आरसिंक उबुंटूवर असतोच. वर्कफ्लोला रिपॉझिटरी फक्त वाचायची परवानगी, लिहायची नाही. किल्ली यंत्राच्या हाती द्यायची तर त्याच्या खोलीत येणारा-जाणारा कोण हे ठाऊक असायला हवं.

१३ जुलै, रविवार. गाव

सकाळच्या एसटीनं गावी. वाचनालयात बाईंच्या टेबलाशी बसलो.

त्यांचा पहिला प्रश्न, “अरे, माझ्याकडून काही पुसलं गेलं तर?”

“बाई, पुसता येतच नाही.”

“असं कसं?”

समोर दाखल नोंदवही उघडी होती. मी विचारलं, “पुस्तक बाद केलंत की दाखल अंक दुसऱ्या पुस्तकाला देता?”

“छे! लाल शाईनं रेघ मारायची, शेऱ्यात ठरावाचा क्रमांक लिहायचा. अंक त्याचाच.”

गिटचा इतिहास त्या वहीसारखाच चालतो म्हटल्यावर बाईंना पुढचं समजावावं लागलं नाही. चुकीचा बदल मागे घ्यायचा म्हणजे तो खोडायचा नाही, उलटा बदल नवी नोंद म्हणून लिहायचा. त्यांनीच पुढे विचारलं, “आणि शेरा कुठे लिहायचा?” कमिटचा संदेश दाखवला. बाईंनी मराठीत टंकलं: “जून यादी, ग्रंथपाल यांनी तपासली.” माझ्या संदेशांपेक्षा कितीतरी स्पष्ट.

त्यांच्यासाठी लॅपटॉपवर काही बसवलं नाही. ब्राउझरमध्ये गिटहब, फाइलीवर पेन्सिलीचं चिन्ह, बदल, शेरा, हिरवं बटण. मात्र तो बदल थेट मुख्य शाखेत जात नाही. आधी मागणी म्हणून उभा राहतो, यंत्र पानं बनवून तपासतं, आणि दुसऱ्या कुणीतरी होकार दिला की मगच पुढे. बाई म्हणाल्या, “म्हणजे बिलावर दोन सह्या.” तेच.

१६ जुलै, बुधवार. पुणे

दुसऱ्या सहीवरून वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन: “छोट्या कामाला एवढं कशाला?” त्यांना नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली.

ही न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात मोठी उलाढाल करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला नवा कोड लागू व्हायचा होता, आठ सर्व्हरवर. हातानं चढवला, आठवा राहून गेला. त्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड होता, आणि नव्या कामासाठी वापरलेल्या खुणेनं नेमका तोच जागा झाला. ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. घाबरून त्यांनी बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला आणि मग आठही चुकीचे चालू लागले. अमेरिकेच्या रोखे नियामकानं २०१३ मध्ये चौकशीअंती लिहिलं त्यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. दुसऱ्या कुणी ते काम तपासलं नाही, आणि तपासावं असा लेखी नियमही नव्हता. दुसरी: बाजार उघडण्याआधीच त्यांच्या यंत्रणेनं चूक दाखवणारे ९७ ई-मेल धाडले होते. ते इशारे म्हणून कुणी वाचलेच नाहीत.

कार्यवाह म्हणाले, “आपलं काय बुडणार?” खरंय, फार तर वर्गणीचा चुकीचा दर दोन दिवस दिसेल. पण लेखी नियम करायला काही पडत नाही. ९७ ई-मेलवरून एक मात्र ठरवलं. काम झालं की काही कळवायचं नाही, फसलं तरच कळवायचं. तेही दोघांनाच, बाईंना आणि कार्यवाहांना. यादीत मी नाही.

१९ जुलै, शनिवार

बाईंनी जुलैची यादी स्वतः चढवली. पहिल्यांदा लाल फुली. मुखपृष्ठाच्या एका फोटोचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. इशाऱ्याची ओळ वाचून त्यांनीच नाव बदललं, मग हिरवी खूण. कार्यवाहांनी गावातूनच होकार दिला. दुपारी बाल विभागाची वर्गणी चुकून जुनी पडल्याचं एका पालकानं दाखवलं. बाईंनी उलटा बदल केला, शेऱ्यात लिहिलं, “ठराव पाहून दुरुस्त.” मला हे सगळं रात्री इतिहास वाचून कळलं.

२७ जुलै, रविवार. गाव

उरलेलं काम सर्व्हरवर. परवानगीच्या फाइलीत दोन ओळी होत्या, यंत्राची आणि माझी. माझी काढली. एफटीपीचं खातंही बंद केलं. कंट्रोल पॅनलचा पासवर्ड नवा करून कागदावर लिहिला, पाकीट लाखेनं बंद करून कार्यवाहांच्या कपाटात गेलं. गिटहबचा रस्ता कधी बंद पडला तर ते पाकीट फोडायचं.

यंत्र जे करत नाही त्याची यादी बैठकीत वाचून दाखवली: डोमेनचं नूतनीकरण, होस्टिंगचे पैसे, वर्षातून एकदा यंत्राची किल्ली बदलणं, ह्यूगोची आवृत्ती पुढे नेणं, अहवालांच्या फोल्डरची वेगळी प्रत ठेवणं. ठरावाच्या मसुद्यात या कामांपुढे माझं नाव घातलेलं होतं. बाईंनी पेन मागून घेतलं, नावावर रेघ मारली आणि वर ‘संगणक विभागाचे सदस्य’ असं पद लिहिलं. कार्यवाह म्हणाले, “पण सदस्य कोण?” बाई म्हणाल्या, “ते दर वर्षी सभा ठरवील.” ठराव एकमतानं मंजूर.